तुम्ही नंबर टाका, मी बाहेर बघते

परवा माझ्या फोनने आपल्याच मनाने कसलंसं अपडेट घेतलं. सकाळी उठून बघते तर सगळी मांडामांड बदललेली. कॉल आला तर बटण वर सरकवायचं की बाजूला, तेच कळेना. एकवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी बाई मी! ऑफिसात लोकांच्या चुका शोधून दाखवायचा पगार घेते आणि स्वतःचा फोन उचलता येत नाही म्हटल्यावर जो राग यायचा तो आला. चपला अडकवल्या, फोन हातात घेतला आणि चौदा नंबरच्या घराकडे निघाले. दोन दारं पुढे गेल्यावर आठवलं, की तिथे आता एक तरुण डच जोडपं राहतं. आणि शालूमावशींना देवाघरी जाऊन तर वर्ष होत आलं. गल्लीच्या मध्येच उभी राहिले आणि मला रडू आलं. समोरचे आजोबा झाडांना पाणी घालत होते. त्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, फोन बिघडलाय. ते म्हणाले, अरेरे.

नीउ-व्हेनेप या डच गावातली आमची गल्ली म्हणजे एकसारख्या विटांच्या घरांची एक लांब रांग. त्यातली सात घरं आपल्या लोकांची, सगळी पुण्या-मुंबईकडून नोकरीच्या परमिटवर आलेली. चौदा नंबरात अश्विनी आणि निखिल. शालूमावशी म्हणजे अश्विनीची आई, सांगलीच्या. दर उन्हाळ्यात व्हिसाचे नव्वद दिवस घेऊन यायच्या आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी इथे नसायच्या. असे पाच उन्हाळे आले. बाकीच्यांच्या आया आल्या की गल्लीत लोणची यायची, मसाले यायचे. शालूमावशी आल्या की गल्लीतले सगळे फोन दुरुस्त व्हायचे.

त्या टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. परगावचा कॉल बुक करून तासन्‌तास वाट बघायचे दिवस ज्यांना आठवत असतील त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की त्या काळी दोन गावं एकमेकांशी बोलायची ती शालूमावशींसारख्या कुणीतरी एक्स्चेंजच्या बोर्डावर दोऱ्या जोडून दिल्यावर. बोर्ड गेला, दोऱ्या गेल्या, खात्याने मावशींना बिलाच्या खिडकीत बसवलं, पुढे त्या निवृत्त झाल्या. पण मनाने त्या बोर्डावरून कधी उठल्याच नाहीत. फोन घेऊन येणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी 'पार्टी' होता, ट्रंक कॉलवर बोलणाऱ्याला म्हणायचे तसा. "पार्टीला बसवा की, चहा द्या," असं त्या आपल्याच लेकीला सांगायच्या. अश्विनी वैतागायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा फोन चार्ज होत नव्हता. तीन चार्जर बदलून झाले होते, नवऱ्याने चौथा मागवला होता. नवरा मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो, हे जाता जाता सांगते. मावशींनी फोन उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला, चार्जिंगच्या भोकात डोकावल्या आणि म्हणाल्या, "टूथपिक हाय का? लाकडाची. लोखंडाचं काही घालायचं नाही." फोन बंद केला आणि हलक्या हाताने आतून एक करड्या रंगाचा गोळा बाहेर काढला. माझ्या जीन्सच्या खिशातला सगळा कापूस! तो तळहातावर ठेवून मला दाखवला आणि म्हणाल्या, "ही तुमची बॅटरी." मी ओशाळले. त्यांना मात्र माझी फजिती करण्यात रस नव्हता. स्वच्छ रुमालाने फोन पुसून त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. मग चालू करायला सांगितला आणि मी पिन टाकणार तेवढ्यात मान वळवली.

"तुम्ही नंबर टाका, मी बाहेर बघते."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नुसती मान वळवायच्या नाहीत, खरंच बाहेर बघायच्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकली आणि कचऱ्याचे डबे. तरी पार्टी "झालं" म्हणेपर्यंत नजर आत यायची नाही. फोन टेबलावर ठेवला असला तर पालथा. त्यात मेसेज आल्याचा आवाज झाला तर म्हणायच्या, "तुमचं काही आलंय, बघून घ्या, मग पुढे जाऊ." एवढा मान मला माझ्या बँकेने कधी दिलेला नाही.

त्यांच्या उपायांत जादू काहीच नव्हती. पहिला उपाय नेहमी एकच, बंद करून चालू करणे. "माणूससुद्धा दुपारी अर्धा तास पडला की सुधारतोय," असं म्हणायच्या आणि स्वतः रोज दुपारी पडायच्या. बोलण्याचा आवाज पलीकडे जात नाही अशी कुणाची तक्रार आली, की आधी कव्हर काढायच्या. फोन सारखा तापतो म्हटलं, की मागे उघडी राहिलेली वीस ॲप्स एकेक करून बंद करायच्या आणि प्रत्येकाला "जा बाबा आता" म्हणायच्या. जागा संपली असेल तर गुड मॉर्निंगची फुलं पुसायला लावायच्या. पण पुसायला पार्टीनेच बोट लावायचं, त्या नाही.

त्यांचा खरा जीव होता तो लपण्याच्या प्रकरणात. कुणाला 'शेवटचं कधी ऑनलाइन होतो' ते दिसू नये असं वाटायचं, कुणाला नात्यातल्या एकाचे फोन नको असायचे. मावशी कुणापासून ते कधीच विचारायच्या नाहीत. विचारायच्या ते एवढंच, "किती लपायचंय? थोडं का पूर्ण?" थोडं म्हणजे आवाज बंद. त्याहून जास्त म्हणजे फोटो आणि वेळ झाकायची. पूर्ण म्हणजे ब्लॉक. त्याला हात घालण्याआधी मात्र मावशी पाणी प्यायला उठायच्या. परत येऊन विचारायच्या, "अजून तेच ठरलंय?" ठरलेलं असलं तर कसं करायचं ते बिनतक्रार दाखवायच्या. घंटी वाजली म्हणजे उचललीच पाहिजे असं कुठल्या नियमात लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. पण उचलला नाही तर नंतर खोटं बोलायचं नाही, हेही त्या बजावायच्या. "ऐकू आला नाही म्हणू नका. तेव्हा बोलायचं नव्हतं म्हणा."

एकदा मात्र त्यांची चूक झाली, आणि ती माझ्याच फोनवर. भर मीटिंगमध्ये मला भारतातून कर्ज घेता का, प्लॉट घेता का असे फोन यायचे. मावशींनी सगळे अनोळखी आणि नंबर लपवलेले कॉल परस्पर बंद करून टाकले. पंधरा दिवस काय शांतता होती! मग एक पत्र आलं. माझ्या हाउसआर्ट्सच्या, म्हणजे घरच्या डॉक्टरच्या दवाखान्यातून मला रक्ताच्या रिपोर्टसाठी तीनदा फोन केला होता, मी एकदाही उचलला नव्हता. इथले दवाखाने बऱ्याचदा नंबर लपवूनच फोन करतात, पेशंटची गोष्ट तिसऱ्याला कळू नये म्हणून. आपल्याकडे नंबर लपवणारा म्हणजे लफंगा, आणि इथे तोच डॉक्टर निघायचा! माझं दुखणं किरकोळ होतं, गोळ्यांवर भागलं. मी हसून सोडून दिलं. मावशींना हसू आलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. गल्लीत ज्या ज्या फोनवर त्यांनी ते केलं होतं, त्या प्रत्येक दारी त्या संध्याकाळी पावसात छत्री घेऊन गेल्या आणि ती सोय काढून आल्या. "पार्टीची लाइन मी तोडली," असं दोन दिवस म्हणत होत्या.

आता शेवटच्या उन्हाळ्याचं सांगते. त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, काही मला निखिलने नंतर सांगितलं. सलग कळावं म्हणून एकत्र सांगते.

मावशींना कमी ऐकू येऊ लागलं होतं. अश्विनीने त्यांना चांगली श्रवणयंत्रं घेऊन दिली होती, थेट फोनला जोडता येणारी. मावशी त्यांच्यावर बेहद्द खूश होत्या. तरुणपणी डोक्यावर हेडफोनचं ओझं असायचं, आता तेच शेंगदाण्याएवढं झालंय, म्हणायच्या. त्याच आठवड्यात निखिलच्या इयरफोनमधून आवाज येईना. दोष फोनचा की इयरफोनचा, हे बघायला मावशींनी त्याच्या फोनला स्वतःची यंत्रं जोडून पाहिली. आवाज आला. म्हणजे फोन चांगला, इयरफोन गेले. फोन पुसून जावयाला परत दिला, पण ती जोडणी काढायची राहिली. बोर्डावर इतक्या वर्षांत दोरी काढायला विसरले नाही ती आत्ता विसरले, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, मी त्यांच्याकडे फरसबी मोडत बसले होते. अश्विनी वर होती. ती दोघं हार्लेमला घर घेत होती, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी करारावर सह्या होत्या. वरून तिचा आवाज यायचा, "आई, पडदे निळे की मोरपंखी?" निखिलचा फोन वाजला. तो फोन घेऊन मागच्या बागेत गेला, दार ओढून घेतलं, आणि काचेतून मला दिसला तो नुसता "हॅलो, हॅलो" करताना. त्याला ऐकू येत नव्हतं. कारण येणारा आवाज मावशींच्या कानात येत होता.

मावशींचे हात थांबले. पाठ ताठ झाली. एक क्षण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग दोन्ही कानांतली यंत्रं ओढून काढली आणि फरसबीच्या वाडग्यात टाकली. मी विचारलं, "मावशी, काय झालं?" त्यांना ऐकूच आलं नाही. बाहेर निखिलने एव्हाना फोनवरचं कुठलं तरी बटण दाबलं होतं आणि तो आमच्याकडे पाठ करून बोलत होता. मावशी संध्याकाळपर्यंत यंत्रं न लावताच बसून राहिल्या. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

त्यांच्या कानात तीन वाक्यं आली होती. पलीकडे निखिलचा मॅनेजर होता, इंग्रजीत बोलत होता, आणि ट्रंक ऑपरेटरचं इंग्रजी पक्कं असतं. निखिल, गेल्या आठवड्यात बोललो तेच कायम आहे. या महिन्याची अखेर हा तुझा शेवटचा दिवस. घरी सांगितलंस का? पुढचं ऐकण्याआधी मावशींनी यंत्रं काढली होती. पण त्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची गरजच नव्हती. वर पडदे चालले होते.

इथे परमिट नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. हार्लेमच्या घराचं कर्ज सगळं निखिलच्या पगारावर. त्याला वाटत होतं, शुक्रवारच्या आत दुसरीकडचं जमेल आणि अश्विनीला काही कळायचं कारणच पडणार नाही. वाईट मुलगा नाही तो. भित्रा आहे. आणि मावशींच्या जिभेवर आता लेकीचं घर होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कालव्याकाठी फिरायला गेलो. मावशी एकदम त्यांच्या थोरल्या बहिणीचं सांगायला लागल्या. बहिणीला बघून गेले होते, होकाराची वाट होती. एका दुपारी बोर्डावर मुलाच्या वडिलांचाच कॉल आला, सांगलीतल्या एका नातेवाइकाला. दोन्ही पार्ट्या एकमेकांना ऐकू येतायत का, एवढं बघण्यापुरतं ऑपरेटरने ऐकायचं असतं. तेवढ्यात ऐकलं, मुलगी नको, पण सण होईपर्यंत कळवू नका.

"मी घरी गेले तर ताई नवा ब्लाउज शिवत बसलेली," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिवस शिवत होती, टिकल्या लावत होती. मी बघत होते. बोर्डावरचं बोर्डावर, अशी शपथच होती आमची. नंतर तिला कळलं की मला ठाऊक होतं. आठ वर्षं बोलली नाही माझ्याशी."

"मग तुम्ही चुकलात असं वाटतं का?"

"ते मला अजून ठरवता आलेलं नाही, बघा. पण त्या मुलाच्या बापाला तरी सांगायला हवं होतं, की लाइनवर मी होते. ते माझ्या हातात होतं."

हे आत्ता का सांगतायत, ते मला कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांना जुनं आठवतं, एवढंच वाटलं. माझी अक्कल!

मावशी निखिल आपणहून सांगेल म्हणून थांबल्या. एक दिवस, दोन दिवस, पुढचा आठवडा उजाडला. जेवताना त्याच्याकडे बघायच्या, तो ताटात बघायचा. पडदे मोरपंखी ठरले. शेवटी सहीच्या आदल्या दिवशी सकाळी अश्विनी बाहेर गेल्यावर त्या निखिलसमोर जाऊन बसल्या. ते बोलणं निखिलने मला जसंच्या तसं सांगितलं.

"निखिलराव, तुमचा मागल्या आठवड्यातला मंगळवारचा कॉल माझ्या कानात आला. चूक माझी. मी तीन वाक्यं ऐकली." आणि कुठली तीन, तीही सांगितली. मग त्याच्याच हातून त्याच्या फोनमधून आपल्या यंत्रांचं नाव काढायला लावलं. निखिल रडायला लागला. मावशी म्हणाल्या, "मी अश्विनीला सांगणार नाही. बातमी तुमची हाय. पण तिनं सही करायच्या आत सांगा. आणि तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

"आई, तीच निघून जाईल घर सोडून."

"जाणार नाही. भांडेल. भांडू दे."

त्या संध्याकाळी निखिलने सांगितलं. नुसत्या भिंतीपलीकडच्यांनाच नाही, आम्हाला दोन दारांवरही ऐकू आलं. सही झाली नाही, घर गेलं. अश्विनीने नवऱ्याला चार दिवसांत माफ केलं. नोकरी गेलेल्या माणसावर किती दिवस चिडणार? पण बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की आईंना आधीच माहीत होतं. अश्विनी खाली आली आणि एवढंच विचारलं, "आई, तुला कधीपासून ठाऊक होतं?"

मावशी म्हणाल्या, "तुला कळायच्या आधी नऊ दिवस."

"नऊ दिवस तू मला पडदे निवडू दिलेस?"

मावशींनी चष्मा काढून पुसायला घेतला. अश्विनी म्हणाली, "सांगलीला गेलीस की मला फोन करू नकोस." त्यानंतर त्या घरात आईशी बोलणं म्हणजे जेवायला ये, औषध घे, एवढंच उरलं. मी मध्ये पडून पाहिलं. अश्विनीला म्हटलं, अगं त्यांची शपथ होती. ती म्हणाली, "मी तिची मुलगी आहे, पार्टी नाही." मला दोघींचंही खरं वाटत होतं, अजूनही वाटतं. मावशींचे नव्वद दिवस संपायला तेवीस दिवस उरले होते. तेवीस दिवस त्या गल्लीतल्या लोकांचे फोन नीट करत राहिल्या. आमच्याशी हसायच्या. पण बाहेर बघायला लागल्या, की पार्टी "झालं" म्हणाली तरी त्यांचं लक्ष नसायचं.

जायच्या दिवशी निखिलचा ब्रेडाला इंटरव्ह्यू होता. ती नोकरी पुढे त्याला मिळाली, म्हणूनच ती दोघं आता तिकडे राहतात. त्यामुळे विमानतळावर गाडी मी घेऊन गेले. अश्विनी पुढे माझ्याशेजारी बसली, मावशी मागे. अश्विनीनेच बॅग उतरवली, वजन केलं, बोर्डिंग पास आईच्या पासपोर्टात ठेवून दिला. तपासणीच्या रांगेपाशी आल्यावर वाकून पाया पडली. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"फोन करू नको म्हणालीस, पण मी करणार," त्या म्हणाल्या. "तू उचलू नकोस. पण ब्लॉक करू नकोस, बाई. वाजू दे. पलीकडे वाजतोय एवढं मला कळलं तरी बास."

मावशी गेटमधून आत गेल्या. पट्ट्या लावून आखलेल्या वळणावळणाच्या रांगांपाशी थांबल्या, पर्स उघडली, फोन काढला. आम्हाला त्या स्पष्ट दिसत होत्या, फार तर तीस पावलांवर. अश्विनीच्या हातातला फोन वाजला. तिने बघितलं, पण उचलला नाही. तिकडे मावशी फोन कानाला लावून आमच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या मागून माणसं वाट काढून जात होती, कुणीतरी बाजूला व्हा म्हटलं असावं, त्या एक पाऊल सरकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला ते बघवेना. नुसती रिंग ऐकून माणूस असं हसू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

सातव्या का आठव्या रिंगला अश्विनीने फोन कानाला लावला. मग अश्विनी म्हणाली, "आई, मधल्या रांगेत जा. ती लवकर सरकतेय."

मावशींनी मान हलवली आणि फोन तसाच कानाला धरून मधल्या रांगेत गेल्या.